क्लब खाली गेल्यावर सीझन तिकीट घ्यावं का? चॅम्पियनशिपच्या २३ घरच्या सामन्यांचं परीक्षण

हे परीक्षण एकाच गोष्टीचं आहे: इंग्लंडमधला फुटबॉल क्लब प्रीमियर लीगमधून, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीतून, खाली गेला की त्याच्या चाहत्यापुढे येणारं चॅम्पियनशिपचं, म्हणजे दुसऱ्या श्रेणीचं, सीझन तिकीट. ते घ्यावं की सोडावं, घेताना काय तपासावं आणि ऑगस्ट ते मे त्यातून नेमकं काय पदरात पडतं, एवढंच बघायचं आहे. मत आधीच सांगून टाकतो: घ्यावं. मात्र ‘वर्षभरात परत वर’ ही आशा त्या किमतीत धरू नये. क्लब तुम्हाला २३ सामन्यांची एक खुर्ची विकतो. आशा आपण आपल्या पदरची घालतो, आणि बहुतेकांचा हिशोब तिथेच चुकतो.

जुन्या तिकिटावर काय मिळत होतं

क्लब खाली गेला की पहिले काही आठवडे फक्त गमावलेलंच दिसतं. मोठे विरोधी संघ, मोठी नावं, जगभर दिसणारे सामने. पण ज्या मोसमात क्लब खाली गेला, त्या मोसमात चाहत्याने खुर्चीवर बसून पाहिलं काय?

लेस्टर सिटीचा २०२४-२५ चा मोसम घ्या. ८ डिसेंबरला घरच्या मैदानावर ब्रायटनशी २-२ बरोबरी झाली. त्यानंतर वुल्व्ह्ज, मँचेस्टर सिटी, क्रिस्टल पॅलेस, फुलम, आर्सेनल, ब्रेंटफर्ड, मँचेस्टर युनायटेड, न्यूकॅसल आणि लिव्हरपूल येऊन गेले. ओळीने नऊ घरचे लीग सामने, नऊ पराभव, आणि लेस्टरचा एकही गोल नाही. किंग पॉवर स्टेडियमवरच्या सीझन तिकीटधारकाला लीगमधला पुढचा गोल दिसला तो थेट ३ मे रोजी साउदॅम्प्टनविरुद्ध, म्हणजे क्लब खाली गेल्याचं नक्की झाल्यावर. त्याच मोसमात इप्सविच आणि साउदॅम्प्टनच्या चाहत्यांनी १९ घरच्या लीग सामन्यांत प्रत्येकी एकच विजय पाहिला.

हे आकडे जखमेवर मीठ चोळायला दिलेले नाहीत. नव्या तिकिटाची तुलना जुन्या आठवणींशी करण्यात अर्थ नसतो. ती करायची तर जुन्या तिकिटावर शेवटच्या वर्षी जे प्रत्यक्ष मिळालं, त्याच्याशी करायची. तशी केली की चॅम्पियनशिपचं पारडं बऱ्यापैकी जड होतं.

सामने आणि पैसे

प्रीमियर लीगमध्ये २० संघ, ३८ सामने, त्यातले १९ घरचे. चॅम्पियनशिपमध्ये २४ संघ, ४६ सामने, २३ घरचे. म्हणजे चार सामने जास्त. हिशोबासाठी तिकीट ५७० पौंडांचं धरा आणि क्लबाने दर बदलला नाही असं समजा. १९ सामन्यांना वाटलं तर एक सामना ३० पौंडांना पडतो, २३ ला वाटलं तर २४ पौंड ७८ पेन्सना.

इथे बरेच जण फसतात. वाढलेले सामने शनिवारी दुपारी बसत नाहीत, ते मंगळवारी-बुधवारी रात्री जातात. ४६ सामने ऑगस्ट ते मेच्या सुरुवातीपर्यंत बसवायचे, त्यात आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या सुट्ट्या सोडायच्या, मग आठवड्याच्या मधल्या रात्री वापरण्यावाचून गत्यंतर नसतं. कामाच्या वेळेमुळे तुमच्या हातून अशा पाच रात्री गेल्या, तर २३ चे १८ झाले आणि सामना पडला ३१ पौंड ६७ पेन्सना. जुन्या दरापेक्षा महाग. म्हणून तिकीट घेण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारा: मंगळवारी संध्याकाळी पावणेआठला मी त्या खुर्चीत असू शकतो का? उत्तर नाही असेल तर आधी त्या रात्री खुर्ची वापरणारा कुणी शोधा, मग पैसे भरा. तिकीट त्याला कसं द्यायचं ते पुढे येतंच.

कप सामने यात नसतात. बहुतेक क्लबांत सीझन तिकीट फक्त लीगचं असतं आणि कपसाठी वेगळे पैसे मोजावे लागतात. लीग कपच्या सुरुवातीच्या फेऱ्यांना गर्दी कमी असते, म्हणून अनेक क्लब मैदानाचा एखादाच भाग उघडतात आणि तुमची नेहमीची जागा त्या रात्री बंद असू शकते. एफए कपमध्ये मात्र काही बदलत नाही. चॅम्पियनशिपचे क्लबही प्रीमियर लीगच्या क्लबांसारखे जानेवारीतल्या तिसऱ्या फेरीतच उतरतात.

नूतनीकरण: सगळ्यात जास्त चुका इथे

नूतनीकरणाची मुदत बऱ्याचदा मार्च-एप्रिलमध्ये उघडते. संघ तेव्हा तळाशी असतो, पण गणिताने अजून जिवंत असतो. अशा वेळी अटींमध्ये एक ओळ शोधायची: संघ खाली गेला तर दर तोच राहणार की कमी होणार? काही क्लब दोन दर आधीच जाहीर करतात, काही जण फरक पुढच्या वर्षाच्या तिकिटात वळता करतात, आणि काहींच्या अटींत याबद्दल अक्षरही नसतं. अक्षर नसेल तर काही परत मिळणार नाही असंच धरून चाला. ‘संघ खाली गेला’ या कारणासाठी विकलेलं तिकीट कोणी परत घेत नाही.

हप्त्यांनी पैसे भरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. हप्त्यांची सोय बऱ्याच वेळा क्लबाची नसून बाहेरच्या वित्तसंस्थेची असते. म्हणजे ते कर्ज आहे. त्यावर शुल्क किंवा व्याज लागू शकतं, आणि मध्येच हप्ता थांबवला तर तिकीट रद्द होऊन शिवाय देणं अंगावर राहतं. ‘आपोआप नूतनीकरण’ चालू आहे का, हेही तपासा. गेल्या उन्हाळ्यात दिलेल्या संमतीवर यंदा खात्यातून पैसे गेल्याचं अनेकांना पैसे गेल्यावरच कळतं.

आता खरी मेख. प्रीमियर लीगमध्ये असताना एखाद्या सामन्याला जाता आलं नाही, तर क्लबाच्या पुनर्विक्री सेवेवर जागा टाकायची, ती विकली जायची आणि थोडे पैसे परत यायचे. खूप क्लबांत ही सेवा घरच्या बाजूची तिकिटं संपली, किंवा संपत आली, तरच उघडते. खाली गेल्यावर मैदान भरत नाही. मैदान भरलं नाही तर पुनर्विक्री उघडत नाही, आणि तुमची रिकामी खुर्ची रिकामीच राहते, पैशासकट. प्रीमियर लीगमधल्या सवयीने ‘नाही जमलं तर विकून टाकू’ म्हणत तिकीट घेणाऱ्याला हा फटका ऑक्टोबरपर्यंत बसलेला असतो.

त्यावरचा उपाय म्हणजे हस्तांतरण. आता बहुतेक तिकिटं फोनमध्ये असतात आणि ॲपमधून ओळखीच्या माणसाकडे एका सामन्यापुरती पाठवता येतात. पाठवण्याआधी तीन गोष्टी बघा: समोरच्याचं क्लबात खातं आहे का, वर्षात किती वेळा हस्तांतरण चालतं, आणि सवलतीच्या तिकिटावर मोठा माणूस जाणार असेल तर फरकाची रक्कम आधी भरावी लागते का. शेवटची गोष्ट विसरली की फिरत्या फाटकाशी लाल दिवा लागतो आणि तिकीट खिडकीच्या रांगेत पहिली वीस मिनिटं जातात. फोनची बॅटरी संपल्यावरही हेच होतं. तिकीट फोनमधल्या वॉलेट ॲपमध्ये आधीच उतरवून ठेवावं. मैदानाबाहेर हजारो फोन एकाच वेळी नेटवर्क ओढत असतात, तेव्हा ते उतरत नाही.

तिकीट सोडणाऱ्यांसाठीही एक इशारा आहे. मुदत संपली की तुमची जागा खुली होते. दहा वर्षं शेजारी बसलेली माणसं, डावीकडचा तो खांब, उजवीकडचा जिना, सगळं जातं. पुढे क्लब वर गेला की प्रतीक्षायादी पुन्हा उभी राहते आणि तुम्ही तिच्या शेवटी असता. रांगेतला नंबर टिकवण्यासाठी तिकीट घेणं हे आम्हाला पूर्णपणे रास्त कारण वाटतं. त्यात कमीपणा काहीच नाही.

मैदानात काय बदललेलं दिसतं

सगळ्यात मोठा आणि सगळ्यात सुखाचा बदल: चॅम्पियनशिपच्या साखळी सामन्यांत व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासणारा रेफरी, नाही. गोललाइन तंत्रज्ञान आहे, २०१७-१८ पासून. चेंडू रेषेच्या पार गेला की रेफरीच्या मनगटावरचं घड्याळ थरथरतं. बाकी सगळं माणसाच्या डोळ्यावर.

याचा अर्थ तिकीटधारकासाठी काय? सत्त्याऐंशीवं मिनिट, ०-०. कॉर्नर पलीकडच्या खांबाकडे वळतो, गर्दीतून कुणाचं तरी डोकं लागतं, जाळी हलते. पाय उठतात आणि नजर एकाच ठिकाणी जाते: लाइन्समनचा झेंडा. तो खाली आहे. तो मध्यरेषेकडे पळायला लागला. संपलं, गोल. त्या क्षणी मारलेली मिठी कुणी परत घेत नाही. प्रीमियर लीगमध्ये याच जागी दोन-तीन मिनिटं हात अर्धवट वर धरून पडद्याकडे बघत उभं राहावं लागायचं. खाली गेलेल्या क्लबाच्या चाहत्याला पहिल्या दीड-दोन महिन्यांत सगळ्यात आधी सावरतं ते हेच. ऑफसाइडचे चुकीचे निर्णय वाढतात, हेही खरं. त्यातले काही तुमच्या विरुद्ध जातील आणि रात्रभर डोक्यात घोळतील. तरीही सौदा फायद्याचा आहे.

दुसरा बदल गोड नाही. प्रीमियर लीगमध्ये तुमचा संघ मागे बसायचा आणि संधी मिळाली की पळायचा. आता समोरचे मागे बसतात. तुमच्या मैदानावर येणाऱ्या बऱ्याच संघांसाठी तुम्ही वर्षातला मोठा दिवस असता. दहा माणसं चेंडूमागे, प्रत्येक थ्रो-इन लांब, गोलकीपरची प्रत्येक किक सावकाश. आणि गेल्या वर्षी चेंडू ताब्यात ठेवायची सवयच न राहिलेला तुमचा संघ बाजूला-मागे, बाजूला-मागे पास देत राहतो. साठाव्या मिनिटाला स्टँडमधून कुरकुर सुरू होते. बॅकला ती ऐकू येते, तो घाईने लांब मारतो, चेंडू परत समोरच्यांकडे. ही साखळी बाहेरच्या संघाला पाठ असते. त्यांचा बेतच तो असतो.

इथे चाहत्याचं काम म्हणजे कुरकुर न करता धीर धरणं. ०-० ही चॅम्पियनशिपमध्ये संकटाची खूण नाही. २०२४-२५ मध्ये बर्नली १०० गुण मिळवून वर गेला. ४६ सामन्यांत त्यांच्यावर फक्त १६ गोल झाले आणि ३० सामन्यांत एकही नाही. त्या मोसमात टर्फ मूर या त्यांच्या मैदानावर ०-० चे दिवस पुष्कळ आले. बर्नलीच्या चाहत्याने प्रत्येक ०-० ला घसरणीचा पुढचा भाग समजला असता, तर बढतीच्या मोसमाचा आनंदच त्याला मिळाला नसता.

ऑगस्ट: संघ डोळ्यांदेखत बदलतो

खाली गेल्याचा धक्का दोनदा बसतो. पहिला मेमध्ये गुणतक्त्यातून, दुसरा ऑगस्टमध्ये खेळाडूंच्या यादीतून. दुसरा जास्त लागतो, कारण त्याची तयारी कुणी केलेली नसते. लीग ऑगस्टच्या पूर्वार्धात सुरू होते आणि बदल्यांची खिडकी, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत, साधारण सप्टेंबरच्या तोंडावर बंद होते. म्हणजे पहिले तीन-चार सामने खेळणारा संघ तुमचा असतोही आणि नसतोही. पहिल्या शनिवारी गोल करणारा फॉरवर्ड महिनाअखेर दुसऱ्या जर्सीत दिसू शकतो. नव्या मोसमाची जर्सी मुलासाठी घ्यायची तर पाठीवर नाव टाकायचं सप्टेंबरपर्यंत थांबवा. आकडा आणि घरातलं नाव टाकलं तर प्रश्नच मिटला.

हे असं का होतं, ते कळलं की राग योग्य जागी जातो. घसरणीनंतर क्लबाला पॅराशूट रक्कम मिळते: प्रीमियर लीगच्या प्रसारण उत्पन्नातला जो भाग सगळ्या क्लबांना समान वाटला जातो, त्याच्या पहिल्या वर्षी ५५ टक्के, दुसऱ्या वर्षी ४५, तिसऱ्या वर्षी २०. क्लब वर एकच मोसम राहून खाली आला असेल तर तिसरं वर्ष नाही. अनेक करारांत घसरण झाली की पगार कापण्याचं कलम असतं, आणि त्याच करारांत ठरलेल्या रकमेला निघून जाण्याचं कलमही असू शकतं. शिवाय क्लबाला किती तोटा करता येतो याची मर्यादाही आवळायची. प्रीमियर लीगमध्ये वर्षानुवर्षं चाललेल्या नियमात ती तीन वर्षांत १०.५ कोटी पौंडांपर्यंत होती, तर चॅम्पियनशिपमधल्या प्रत्येक वर्षासाठी १.३ कोटी, म्हणजे तीन वर्षांत ३.९ कोटी. चांगला मिडफिल्डर विकला तो मालकाला किंमत कळत नाही म्हणूनच, असं दर वेळी नसतं. पहिली दोन वर्षं पैसा असतो, मग तो झपाट्याने आटतो. तिसऱ्या ऑगस्टपर्यंत वर न गेलेल्या क्लबाचं तिकीट ही वेगळीच वस्तू आहे आणि तिचं मोल नव्याने करावं.

बाहेरचे सामने

सीझन तिकिटाबरोबर येणारे निष्ठागुण, म्हणजे तिकिटं घेत राहिल्याबद्दल क्लब देतो ते गुण, हा या खरेदीतला दडलेला फायदा आहे. वर असताना बाहेरच्या सामन्यांची तिकिटं जास्त गुणवाल्यांतच संपतात. खाली गेल्यावर उंबरठा बराच खाली येतो, आणि वर्षानुवर्षं फक्त घरचे सामने पाहणाऱ्यालाही बाहेर जाता येतं. क्लब खाली गेल्याने खचलेल्या चाहत्याला आमचा पहिला सल्ला हाच: सप्टेंबरच्या आत एक बाहेरचा सामना गाठा. घरच्या मैदानावर रिकाम्या खुर्च्या दिसतात. बाहेरच्या कोपऱ्यात सगळे खांद्याला खांदा लावून उभे असतात.

पैशात मात्र एक तोटा आहे. प्रीमियर लीगमध्ये बाहेरच्या चाहत्यांसाठी ३० पौंडांची कमाल मर्यादा २०१६-१७ पासून आहे. चॅम्पियनशिपमध्ये अशी मर्यादा नाही. नियम एवढाच की तशाच जागेसाठी घरच्या चाहत्याकडून जे घेतात, त्याहून जास्त पाहुण्याकडून घ्यायचं नाही. त्यामुळे खालच्या श्रेणीतला सामना वरच्यापेक्षा महाग पडल्याचं पाहून चकित होऊ नका.

प्रवास हा दुसरा खर्च. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही मोसमांत प्लिमथ आणि संडरलंड एकाच श्रेणीत होते: एका बाजूचं अंतर साधारण ४०० मैल. मंगळवारी पावणेआठला सुरू झालेला सामना जादा वेळ धरून पावणेदहाच्या आसपास सुटतो. बाहेरच्या स्टँडमधून निघून स्टेशन गाठेपर्यंत लांबची शेवटची गाडी गेलेली असते. म्हणून आठवड्याच्या मधल्या सामन्याला क्लबाची किंवा चाहता संघटनेची बस हाच शहाणा पर्याय. गणित करताना चालकाची विश्रांती धरा: साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं थांबणं कायद्याने सक्तीचं आहे, ते टाळता येत नाही. सामन्याला जाणाऱ्या बसमध्ये दारू नेणं १९८५ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि पोलीस बस थांबवून तपासतात. रेल्वेचं आगाऊ तिकीट दूरचित्रवाणीच्या निवडी जाहीर झाल्याशिवाय काढू नका. शनिवारी तीनचा सामना साडेबाराला किंवा शुक्रवारी रात्री आठला सरकला की ते सवलतीचं तिकीट वाया जातं.

आणि मैदानं. इथे चॅम्पियनशिपला तोड नाही. प्रेस्टनचं डीपडेल: १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू करणाऱ्या १२ क्लबांपैकी एकाचं घर. पहिला मोसम त्यांनी एकही सामना न हरता जिंकला. बाहेर क्लबाचा जुना खेळाडू टॉम फिनी याचा पुतळा आहे, पाण्यातून घसरत जाताना, दोन्ही बाजूंना उडणाऱ्या पाण्यासकट. सामन्याच्या दिवशी अर्धा तास लवकर पोहोचून तो बघावाच. लंडनमधल्या लॉफ्टस रोडवर वरच्या स्टँडमध्ये गुडघे पुढच्या खुर्चीला टेकतात, पण खेळाडू चेंडू मागताना काय ओरडला ते खालच्या रांगांत शब्दन् शब्द ऐकू येतं. उंच माणसाने तिथे कडेची खुर्ची मागावी.

परत वर जाण्याबद्दल

नियम साधा: पहिले दोन थेट वर, तिसरी जागा प्लेऑफमधून, म्हणजे त्यांच्या खालोखालच्या संघांच्या बाद फेरीतून, जिचा अंतिम सामना वेम्ब्लीवर होतो. पण एकाच वेळी खाली आलेल्या तीन क्लबांचं पुढे काय होतं ते बघा. २०२३ मध्ये लेस्टर, लीड्स आणि साउदॅम्प्टन खाली आले. वर्षभराने लेस्टर ९७ गुणांनी विजेता. लीड्सने ९० गुण मिळवले आणि तरी ते तिथेच राहिले, वेम्ब्लीवर साउदॅम्प्टनकडून ०-१ हरून. २०२४ मध्ये बर्नली, शेफील्ड युनायटेड आणि ल्युटन खाली आले. बर्नली १०० गुणांनी वर. शेफील्ड युनायटेडने दोन गुणांची वजावट धरूनही ९० गुण मिळवले आणि वेम्ब्लीवर संडरलंडच्या, नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेतल्या गोलने हरले. आणि ल्युटन शेवटच्या दिवशी वेस्ट ब्रॉमविचकडून ३-५ हरून, हलशी गुण समान असताना गोलफरकाने, आणखी एक पायरी खाली गेला. तिकीट एकाच श्रेणीचं, तीन चाहत्यांची वर्षं पूर्ण वेगळी.

लांबचा हिशोब यापेक्षा कठोर आहे. लीड्स २००४ मध्ये खाली गेले आणि २०२० मध्ये परतले, मध्ये तीन मोसम तिसऱ्या श्रेणीत. नॉटिंगहॅम फॉरेस्ट, दोनदा युरोपियन कप जिंकलेला क्लब, १९९९ मध्ये गेला आणि २०२२ मध्ये परत आला. संडरलंड २०१७ आणि २०१८, लागोपाठ दोनदा घसरला, तिसऱ्या श्रेणीत चार मोसम राहिला आणि २०२५ मध्ये वर पोहोचला.

संडरलंडच्या चाहत्यांकडे या सगळ्या काळात बघावं. तिसऱ्या श्रेणीच्या पहिल्याच मोसमात, २०१८ च्या बॉक्सिंग डेला (२६ डिसेंबर), ब्रॅडफर्डविरुद्धच्या सामन्याला स्टेडियम ऑफ लाइटवर ४६,०३९ माणसं आली. न्यूकॅसलने २०१६-१७ मध्ये चॅम्पियनशिपमध्येही सरासरी ५१ हजारांहून जास्त गर्दी खेचली. ही माणसं बढतीची हमी घेऊन आलेली नव्हती. घसरणीशी जुळवून घेणं म्हणजे हार मानणं असं ज्यांना वाटतं, त्यांनी या दोन शहरांतले ते शनिवार आठवावेत.

मालकी आणि हिशोबावर मात्र डोळा ठेवा. क्लब दिवाळखोरीमुळे प्रशासकांच्या ताब्यात गेला की १२ गुण कापले जातात. डर्बीचे २०२१-२२ मध्ये एकूण २१ गुण गेले आणि ते तिसऱ्या श्रेणीत उतरले. पोर्ट्समथ २०१० मध्ये प्रीमियर लीगमधून निघाला आणि २०१३ मध्ये चौथ्या श्रेणीत होता. पगार उशिरा झाल्याच्या किंवा खेळाडू नोंदणीवर बंदी आल्याच्या बातम्या असतील, तर पुढच्या मोसमाचे सगळे पैसे आगाऊ भरण्याची घाई करू नका. सामन्यागणिक तिकीट घ्या.

प्लेऑफचं तिकीट

संघ प्लेऑफच्या जागेत आला तर एप्रिलमध्येच अटी वाचा. बहुतेक क्लबांत प्लेऑफचा घरचा सामना सीझन तिकिटात नसतो. तुमची जागा दोन-तीन दिवस राखून ठेवतात आणि तेवढ्यात वेगळे पैसे भरले नाहीत तर ती विक्रीला निघते. साखळी शनिवारी संपते आणि प्लेऑफ जेमतेम आठवड्याच्या आत सुरू होतो. तेवढ्या दिवसांत ईमेल न उघडल्यामुळे वर्षभर बसलेली खुर्ची ऐन वेळी गमावणारे दर वर्षी असतात. बँक कार्डाची मुदत संपलेली नाही ना, हेही आधीच पाहून ठेवा. वेम्ब्लीवरच्या अंतिम सामन्यात व्हीएआर असतो. २०२५ मध्ये शेफील्ड युनायटेडचा दुसरा गोल, जो २-० करणारा होता, तिथेच रद्द झाला. वर्षभर झेंड्याकडे बघायची सवय लागलेल्यांनी त्या दिवशी जल्लोषाआधी श्वास धरावा.

कोणी घ्यावं

पाचपैकी चार गुण. मैदानापासून तासाभरात राहणारे, मंगळवारी मोकळे असणारे, आणि मुलांना घेऊन जाणारे यांनी डोळे झाकून घ्यावं. मुलांसाठी तर हा काळ सोन्याचा: एकत्र दोन-तीन खुर्च्या सहज मिळतात, सवलतीचे दर आवाक्यात असतात आणि आपला संघ जिंकताना दिसण्याची शक्यता बरीच जास्त असते. एक गुण कापला तो पुनर्विक्रीच्या कटकटीसाठी आणि बाहेरच्या सामन्यांच्या दरावर मर्यादा नसल्याबद्दल. फक्त मोठे पाहुणे बघायला येणाऱ्यांनी हे तिकीट घेऊ नये. त्यांच्यासाठी जानेवारीतल्या कपची सोडत आहे.

घेणार असाल तर जूनमध्ये वेळापत्रक आल्या संध्याकाळीच बसा. घरच्या सगळ्या मधल्या रात्रींवर खूण करा, ज्या जमणार नाहीत त्या वेगळ्या काढा आणि त्या तारखा ओळखीच्या माणसाला त्याच दिवशी देऊन टाका, पैसे वाटून किंवा तशाच. सामन्याच्या दिवशी दुपारी विचारलं तर कुणी मोकळं नसतं. २६ डिसेंबरचा सामना घरचा आहे का, हे सगळ्यात आधी बघा. असेल तर ती खुर्ची कुणालाही देऊ नका.